ताट, लेन्स आणि डावी बाजू

गेल्या वर्षी गणपतीत आपल्या मंडळानं काढलेली पाककृतींची पुस्तिका आपणा सर्वांच्या घरी आहे. निदान असावी, कारण वर्गणीबरोबर ती फुकट मिळाली होती. चौसष्ट पानं, चाळीसएक पाककृती, बावीस रंगीत फोटो. पाककृतींबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. चहा आणि मॅगी यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. पण बावीसपैकी नऊ फोटो मी काढलेले आहेत, मुखपृष्ठावरचा त्यातलाच एक, आणि पुस्तिका हातात पडल्यापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात होतं. स्वतःच्या कामाचं परीक्षण स्वतःच करणं हा आगाऊपणा वाटेल. पण दुसरं कुणी ते करणार नाही. आपल्याकडे पुस्तिका निघाली की "छान झालीय हं" म्हणायची पद्धत आहे. ती चांगलीच आहे म्हणा, नाहीतर पुढच्या वर्षी संपादक मिळायचा नाही.

पहिली खरी टीका आली ती पुण्याहून, फोनवर. मुखपृष्ठावर ज्यांचं ताट आहे त्या काकूंची. जुन्या सभासदांना नाव सांगायची गरज नाही. १९७८ साली काकांच्या पाठोपाठ त्या दुबईत आल्या, करामातल्या एकाच इमारतीत राहिल्या, आणि काका निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये सगळं आवरून परत गेल्या. जाण्याआधी मार्चमधल्या एका शुक्रवारी (तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे, शनिवार-रविवार २०२२ पासून झाले) त्यांनी आम्हा पंधरा-वीस जणांना जेवायला बोलावलं होतं. नैवेद्याचं असतं तसं साग्रसंगीत ताट. त्याचा फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं, कारण नवा कॅमेरा माझ्याकडे होता.

फोनवर काकूंनी आधी कौतुक केलं. मग म्हणाल्या, "अरे, पण चटणी-कोशिंबीर उजवीकडे कशी रे? मी काय डावखुऱ्याचं ताट वाढलं होतं?"

मी पुस्तिका उघडली. खरंच होतं. मुखपृष्ठाची मांडणी करणाऱ्यानं शीर्षकाला जागा हवी म्हणून फोटो आरशासारखा उलटा केला होता. प्रूफ सात जणांनी पाहिलं होतं, सातवा मी.

"आणि भात कुठंय?" काकूंनी विचारलं.

"मागे आहे, काकू."

"तिथे तर धुकं आहे."

या दोन वाक्यांत माझ्या फोटोचं जे परीक्षण झालं त्यापेक्षा फार वेगळं मला पुढे सांगता येणार नाही. फक्त कारणमीमांसा तेवढी माझी.

आधी ताटाबद्दल. आपलं वाढलेलं ताट हा एक नकाशा असतो. वर मध्यावर मीठ, त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटण्या, कोशिंबीर, लोणचं. उजव्या अंगाला भाज्या, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, वरण, तूप. घराघरांत थोडा फरक असतो आणि त्यावरून सासवा-सुनांचे मतभेदही झालेले आहेत, पण डावी बाजू आणि उजवी बाजू बदलत नाही. डावीकडचं चिमटीनं, चवीपुरतं खायचं, उजवीकडचं पोटभर. उजव्या हाताला जवळ काय हवं याचा विचार त्यात आहे. थोडक्यात, आपल्या ताटात पदार्थाइतकीच पदार्थाची जागा महत्त्वाची. जागा दिसली नाही किंवा उलटी दिसली, तर त्यातले पदार्थ दिसतील, पण ताट दिसणार नाही.

आता कॅमेऱ्याकडे येतो. २०१८ च्या शेवटी मी अल फहिदी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. विक्रेता त्रिशूरचा, अत्यंत सज्जन. त्यानं विचारलं, "सर, फोटो किस का निकालना है?" मी म्हटलं, खाण्याचा. क्षणाचाही विचार न करता त्यानं फुल फ्रेम सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स काउंटरवर ठेवली, शेजारचं बिस्किट लेन्ससमोर धरून फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. बिस्किटाची कड धारदार, मागचं सगळं दुकान लोण्यासारखं वितळलेलं. मी भुललो. त्याचं काही चुकलं नाही. बिस्किटासाठी ती लेन्स झकास होती.

ही पार्श्वभूमी वितळवण्याची आवड आली कुठून? माझ्या मते १९९० च्या दशकातल्या ऑस्ट्रेलियन आणि इंग्रजी पाकपुस्तकांतून. पांढरा वाडगा, पांढरं टेबल, खिडकीतून मागून येणारा उजेड, आणि सुपातल्या एका पानावर फोकस. त्याआधीच्या पुस्तकांत जड प्रकाशात लखलखणारे, सगळीकडून स्पष्ट फोटो असत. त्या मानानं ही नवी तऱ्हा हलकी आणि प्रसन्न होती. पण त्या जेवणात बशीत एका वेळी एकच पदार्थ असतो. एका पदार्थाला एक नायक करून बाकीचं धूसर करणं तिथे शोभतं. आपल्या ताटात पंधरा पात्रं एकाच वेळी रंगमंचावर असतात. त्यातल्या एकावरच दिवा टाकला तर बाकीच्यांनी काय करायचं?

थोडा हिशेब मांडतो. माझी पीएच.डी. यंत्रांच्या कंपनांवरची, प्रकाशाशी तिचा काही संबंध नाही. पण हिशेब केल्याशिवाय समाधान होत नाही ही त्या पाच वर्षांतून उरलेली खोड. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. ताट ३० सेंटिमीटरचं. भोवती थोडी जागा सोडून ४५ सेंटिमीटर रुंदीची चौकट धरली, तर सेन्सरवर चित्र साडेबारा पट लहान पडतं. या मापाला एफ/१.८ वर फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या पट्ट्यात वस्तू स्पष्ट दिसेल तो पट्टा, सुमारे १८ मिलिमीटर येते. पावणेदोन सेंटिमीटर! मी तर जेवायला बसलेल्या माणसासारखा, ४५ अंशांच्या कोनातून बघत होतो. त्या कोनातून ताटाची जवळची कड आणि लांबची कड यांच्यात कॅमेऱ्याच्या दिशेनं २१ सेंटिमीटरचं अंतर पडतं. एकवीसमधले पावणेदोन स्पष्ट. उरलेल्याला काकू धुकं म्हणाल्या.

मग छिद्र बारीक करावं? एफ/८ वर खोली ८ सेंटिमीटरवर येते, एफ/११ वर ११. अजूनही निम्मं ताट बाहेर. एफ/२२ वर गेलात तर गणितात पूर्ण ताट बसतं, पण तिथे प्रकाश छिद्राच्या कडांवरून पसरायला लागतो आणि सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. आणि आता तोच कॅमेरा, तीच लेन्स घेऊन ताटाच्या बरोब्बर वर जा. आता खोली लागते ती फक्त वाटीच्या उंचीएवढी, चार-पाच सेंटिमीटर. एफ/८ वर आठ मिळते. प्रश्न सुटला, एक दिरहॅम खर्च न करता.

हे गणित मी काकू गेल्यानंतर तीन महिन्यांनी केलं.

वरून फोटो काढणं ही अलीकडची फोनवाल्या तरुणांची फॅशन आहे असं मला वाटायचं. पण काकूंच्या बाजूनं विचार करून पाहा. पंगतीत जेवणारा ताटाकडे तिरका बघतो. वाढणारी व्यक्ती वरून बघते. मीठ राहिलं का, कुणाची आमटी संपली, हे तिला वरूनच दिसतं. ताटाचा नकाशा तिच्या डोक्यात आहे तो वरून पाहिलेला. पाककृतींच्या पुस्तिकेला, म्हणजे करणारी-वाढणारीसाठी छापलेल्या पुस्तकाला, तिचीच जागा योग्य.

स्पष्टपणाचा हा आग्रह काही माझा शोध नाही. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात काही छायाचित्रकारांनी एक गट काढला आणि त्याला नावच दिलं 'एफ/६४'. मोठ्या कॅमेऱ्यांवरचं ते अत्यंत बारीक छिद्र; त्यानं पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. तेव्हाची कलात्मक मानली जाणारी धूसर, चित्रासारखी छायाचित्रं त्यांना नको होती. ॲन्सेल ॲडम्स त्यातच, आणि एडवर्ड वेस्टनही. वेस्टननं त्याआधी, १९३० मध्ये, एक साधी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला होता. 'पेपर नंबर ३०' म्हणून तो जगभर ओळखला जातो. महागडं काही नाही. बारीक छिद्र, लांब एक्स्पोजर, आणि नरसाळ्याच्या वळणावरून परतणारा मऊ उजेड. मिरचीची प्रत्येक घडी दिसते. भाजीचा फोटो शिकायचा असेल तर माझ्या मते नव्वद वर्षांनंतरही तिथूनच सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट लेन्सची, आणि ती मला जास्त जवळची वाटते. निकॉननं १९५६ साली पहिली 'मायक्रो-निक्कॉर' लेन्स आणली, ५ सेंटिमीटर एफ/३.५. ती फुलं-कीटकांसाठी नव्हती. कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म काढण्यासाठी होती. जपानी लिपीतली बारीक रेघांची अक्षरं लहानशा फिल्मवर वाचता यावीत एवढी सूक्ष्म स्पष्टता हवी होती. म्हणून ती लेन्स जवळच्या अंतरावर आणि मध्याइतकीच कडेलाही नीट दिसावी अशी घडवली. इतर कंपन्या 'मॅक्रो' म्हणतात तेव्हा निकॉन आजवर बरीच वर्षं 'मायक्रो' म्हणत आली, त्यामागे हे मायक्रोफिल्म आहे. सपाट पानावरचा मजकूर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचायला केलेली लेन्स! आपलं ताट वरून पाहिलं तर ते पानच आहे. पूर्वी तर केळीचं पान होतं.

तेव्हा, 'पदार्थांसाठी कुठली लेन्स' या प्रश्नाला माझं उत्तर: छिद्र किती मोठं उघडतं हे बघू नका, जवळून आणि कडेपर्यंत किती नीट वाचते हे बघा. साधी मॅक्रो. निकॉनची २०२१ सालची ५० मिलिमीटर एफ/२.८, सोनीची २०१६ सालची त्याच मापाची, कॅननची २०१८ सालची ३५ मिलिमीटर, किंवा जुन्या बाजारात मिळणारी कुठलीही. एफ/२.८ आहे, १.८ नाही, म्हणून नाक मुरडू नका. तुम्ही एफ/८ वर राहणार आहात.

लेन्सची लांबी मात्र घरातल्या छताकडे बघून ठरवावी. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरनं तीच ४५ सेंटिमीटरची चौकट हवी असेल तर कॅमेरा ताटापासून सुमारे ६७ सेंटिमीटर वर लागतो. १०० मिलिमीटरनं १३५. जेवणाचं टेबल पाऊण मीटर उंच. म्हणजे १०० मिलिमीटरची लेन्स घेतलीत तर कॅमेरा जमिनीपासून दोन मीटर दहावर, आणि तुम्ही शिडीवर. बायकोनं हे दृश्य पाहून विचारलं होतं की एसीची गॅस भरायची आहे का. तोडगा सोपा निघाला: ताट टेबलावरून उचललं आणि पाटावर, जमिनीवर ठेवलं. १३५ सेंटिमीटर म्हणजे साधारण छातीची उंची. जमिनीवर बसून जेवण्याची पद्धत आणि १०० मिलिमीटरची लेन्स यांचं इतकं जमेल असं कुणाला वाटलं असतं!

लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्याबद्दल दुकानदार थोड्या कमीपणानं बोलतात. त्याच चौकटीला, त्याच एफ आकड्याला तो फुल फ्रेमच्या जवळजवळ दीडपट खोली देतो. आपल्याला खोलीच हवी आहे. फुल फ्रेमवर छिद्र बारीक करून तीच मिळवता येते, नाही असं नाही, पण मग जास्तीचे पैसे कशासाठी दिले? मेगापिक्सेलचं तर बोलूच नये. आपल्या पुस्तिकेचं पान १४८ बाय २१० मिलिमीटर. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईला पूर्ण पानभर फोटोसाठी १७४८ बाय २४८०, म्हणजे सुमारे ४३ लाख पिक्सेल पुरतात. आजच्या साध्या कॅमेऱ्यात दोन कोटी चाळीस लाख असतात. आमटीचा थेंब न थेंब मोजता येईल.

पुस्तिकेतले बाकीचे तेरा फोटो सभासदांनी फोनवर काढलेले आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातले काही माझ्या नऊपेक्षा सरस आहेत. पान ३१ वरची थालीपिठं पाहा. लोखंडी तवा, मध्ये आणि भोवती पाडलेली भोकं, त्यांतून सुटलेलं तेल, सगळं दिसतं. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे खोली आपोआप मिळते. फोन बिघडवतो तो दुसऱ्या ठिकाणी. त्याचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद बघतो; त्यामुळे ताट चौकटीत भरण्यासाठी आपण ३२-३३ सेंटिमीटरवर जातो. एवढ्या जवळून, तिरक्या कोनातून, ताटाची अलीकडची कड २१ सेंटिमीटरवर आणि पलीकडची ४३ वर. म्हणजे अलीकडची वाटी पलीकडच्या वाटीच्या दुप्पट दिसणार. पान १८ वर रस्श्याची वाटी घमेल्याएवढी आणि भाताची मूद पेढ्याएवढी आहे ती यामुळे. ५० मिलिमीटरनं ६७ सेंटिमीटरवरून हेच प्रमाण १.४ च्या आत येतं. १०० नं १.२ च्या आत. हा लेन्सचा गुण नाही, अंतराचा आहे. तेव्हा फोनवरच काढायचं असेल तर मागे सरा आणि दुप्पट झूम करा. आणि ते पोर्ट्रेट मोड बंद करा. पान २२ वरच्या मिसळीत फोनच्या गणितानं वाटीचा काठ ओळखलाच नाही. अर्धा काठ फरसाणाबरोबर स्पष्ट राहिला आणि अर्धा हवेत विरला.

माझ्या फोटोंतला सर्वांत वाईट म्हणजे पान ९ वरचे उकडीचे मोदक. ते सिमेंटचे दिसतात. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं जग सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढरे मोदक, पांढरी बशी, पांढरं कापड समोर ठेवलंत की तो बिचारा घाबरून सगळं राखाडी करतो. एक ते दीड स्टॉप वाढवून काढायचं, एवढाच उपाय. काळ्या मसाल्याच्या आमटीला उलट, थोडं कमी करायचं. हे मला माहीत होतं. पण समोर पाहुणे बसले होते आणि मोदक गरम होते. फोटोग्राफीवरची पुस्तकं सांगतात की पदार्थ हलत नाही, ट्रायपॉड लावा, सावकाश काढा. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या घरी पुऱ्या होत नसाव्यात. पुरी दोन मिनिटांत बसते, तूप विरघळून भातात जातं, तर्रीवर साय धरते. मीठ, चटणी, लोणचं तासभर थांबतात. म्हणून आधी थांबणाऱ्यांना मांडून फोकस आणि उजेड ठरवून घ्यावा, आणि न थांबणाऱ्यांना शेवटी बोलवावं.

पान ४० वर वाटीच्या पोटात लाल टी-शर्टातला एक माणूस दिसतो. तो मी. स्टीलचं ताट म्हणजे आरसा. त्याच्यासमोर जे असेल ते ते दाखवणार. कुणीतरी मला पोलरायझर फिल्टर लावायला सांगितलं आणि मी तो आणलाही. केळीच्या पानावरची पांढरी चकाकी त्यानं सुरेख जाते आणि हिरवा रंग वर येतो. स्टीलवर मात्र तो जवळजवळ काहीच करत नाही, कारण धातूवरून परतणारा उजेड पानावरून परतणाऱ्यासारखा ध्रुवित होत नाही. तर्रीवर तर तो लावूच नये. तेलावरची चमक काढून टाकली की मिसळ शिळी दिसते. स्टीलला उपाय घरगुती आहे: एक मोठं पांढरं धोतर किंवा चादर ताटाशेजारी उभी धरा. आरशाला दाखवायला काहीतरी चांगलं द्या, एवढंच. वरून काढताना अंगात काळा शर्ट असू द्या.

उजेडाबद्दल इथल्या घरांना दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण बाहेरच्या पुस्तकांत त्या नसतात. 'खिडकीजवळ ठेवा' असं सगळेच लिहितात. आपल्या उंच इमारतींच्या काचा उन्हासाठी रंगवलेल्या असतात, हिरवट किंवा निळसर. आपला डोळा सवयीनं ते विसरतो, कॅमेरा विसरत नाही. पान १२ वरचं वरण शेवाळलेलं दिसतं ते सिलिकॉन ओॲसिसमधल्या माझ्या काचेमुळे. पदार्थाच्या जागी आधी एक राखाडी कार्ड ठेवून त्यावर रंगाचा समतोल लावून घ्यायचा, किंवा सरळ बाल्कनीचं दार उघडायचं. (ऑगस्टमध्ये एसीतून एकदम बाल्कनीत नेलात तर लेन्सवर वाफ धरेल, पिशवीत बंद करून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा.) दुसरं, दुबई २५ अंश अक्षांशावर. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, ८८ अंशांवर असतो; ऊन खिडकीतून आत येतच नाही, फक्त वाळूवरून आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड येतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४१ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट ताटात उतरतो. म्हणजे फोटोच्या दृष्टीनं आपला नकोसा उन्हाळा बरा. गणपतीच्या दिवसांत हा उजेड अजून टिकून असतो.

पण हे सगळं कशासाठी? हा प्रश्न पुस्तिका चाळताना मला सर्वांत जास्त टोचला. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली. आपल्यापैकी कितीतरी जणींनी (आणि इथे एकट्या राहिलेल्या कितीतरी जणांनी) तिच्यावरून स्वयंपाक शिकला, आणि तो फोटोंवरून नव्हे. वाटी आणि चमच्याच्या प्रमाणानं शिकला. शब्दांनी एवढं काम होतं, तर फोटोनं करायचं काय? माझं उत्तर असं की शब्द जिथे अडतात तिथे फोटोनं उभं राहावं. 'कांदा गुलाबी होईपर्यंत' म्हणजे नेमका किती गुलाबी? पुरण कधी शिजलं, उलथनं त्यात उभं राहतं म्हणजे कसं दिसतं? मोदकाच्या कळ्या पाडताना बोट कुठे असतं? आपल्या बावीस फोटोंत यातला एकही नाही. बावीसच्या बावीस तयार पदार्थ, त्यांतल्या चौदांवर कोथिंबीर. एकावर, श्रीखंडावर, पुदिना आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मॅक्रो लेन्सचं खरं चीज इथे होतं. मोदकाच्या कळ्या पानभर दाखवायच्या तर चौकट बारा सेंटिमीटरची. तिथे एफ/८ वरही खोली फक्त सात मिलिमीटर उरते, एफ/१६ वर चौदा. म्हणजे पूर्ण मोदक स्पष्ट येणारच नाही. कळीची कुठली धार दाखवायची आहे हे आधी ठरवावं लागतं. आणि ते ठरवायला फोटोग्राफरपेक्षा मोदक करणारी बाई शेजारी उभी लागते. त्या शुक्रवारी करामात ती माझ्या शेजारी उभी होती. "कशावर काढू?" असं मी तिला विचारलं नाही. मी कोशिंबिरीच्या वाटीवर फोकस केला, कारण डाळिंबाचे दाणे चमकत होते.

आपल्यातली माणसं इथून अशीच जातात. नोकरी संपते, व्हिसा संपतो, कंटेनर भरतो. मुलं पुढे टोरांटोला किंवा मेलबर्नला. पस्तीस-चाळीस वर्षं करामातल्या एका स्वयंपाकघरात जे रोज झालं त्याची नोंद मंडळाकडे म्हणाल तर ती मुखपृष्ठावरची, उलटी आणि पावणेदोन सेंटिमीटर खोल. काकूंना आता फार वेळ उभं राहवत नाही. ताट सून वाढते. मी डिसेंबरात पुण्याला जाणार आहे. ५० मिलिमीटरची मॅक्रो आणि ट्रायपॉड बरोबर नेतोय. पाट आहे का विचारलं तर काकू म्हणाल्या, माळ्यावर आहे, काढून ठेवते. सुनेच्या हातचं ताट त्या समोर बसून लावून घेतील, मी वरून काढेन, आणि कळ्यांचे फोटो त्या म्हणतील तिथे फोकस करून.

पण ते त्या शुक्रवारचं ताट नसेल. तेव्हा एक विनंती. मार्च २०१९ च्या त्या जेवणाला जे होते त्यांनी जुने फोन, जुनी मेमरी कार्डं एकदा तपासावीत. मी कॅमेरा घेऊन टेबलाभोवती फिरत होतो तेव्हा दोघी-तिघींनी उभ्या उभ्या, सरळ वरून, फोनवर फोटो काढल्याचं मला आठवतं. मी तेव्हा मनात हसलो होतो. त्यातला एखादा असेल तर मंडळाच्या पत्त्यावर पाठवा, कितीही साधा असला तरी. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि मुखपृष्ठाची जागा रिकामी ठेवली आहे.